आंब्याच्या ओंडक्याची दोन टोकं

"टोपलं खाल ठेव, फुई. आठेच ठेव. ते पाड्यामा जावाव नही."

कारभारी रेवजी पाड्याच्या तोंडाशी भर पावसात वाट अडवून उभा होता. डोक्यावर पळसपानांचं इरलं, हातात काठी. रूपीबाईने टोपलं डोक्यावरून काढून कमरेवर घेतलं, खाली मात्र ठेवलं नाही.

"का रे? तू काय नाकेदार शे का?"

"त्यामा अळंबी शे."

"शे तर शे."

"कालदिन पंचेसनी सांगं ना, लाकडावरनी अळंबी पाड्यामा आनानी नही? शांतीबाई मरता मरता वाचनी, तरी तुले अक्कल येस नही?"

"हात घाल नि दख," असं म्हणून रूपीबाईने टोपलं त्याच्या छातीला टेकवलं.

रेवजीने हात घातला, खालीवर केलं. निघाली ती नुसती कुर्डूची पालेभाजी, ओली, मुळांच्या चिखलासकट. रूपीबाईच्या मागे रानातून आलेल्या पोरी फिदीफिदी हसल्या.

"कुर्डूनी बी मनाई शे का, कारभारी? तशी दवंडी देई टाक. मंग आम्ही माती खासूत."

रेवजी बाजूला झाला. पण जाता जाता बोललाच, "हस, फुई, हस. उद्या सकायले रमीले तिना बापकडे धाडनार शेत. तवय दखू कोन हसस."

रूपीबाईने टोपलं पुन्हा डोक्यावर घेतलं आणि पाय उचलला.

ही गोष्ट नवापूरच्या वरच्या डोंगरातल्या आमच्या पाड्याची. राज्य इंग्रजांचं होतं, आणि ओढ्यापलीकडे गायकवाडी हद्द लागायची. घरात आम्ही मावची बोलतो. ती सगळ्यांना कळायची नाही, म्हणून इथली माणसं मी बाजारच्या अहिराणीत बोलती केली आहेत. तेवढं सांभाळून घ्या.

भादव्याचा महिना आमच्याकडे पोटाला फार जड. नागली शेतात हिरवी उभी असते आणि मागच्या वर्षाची कणगीच्या तळाला गेलेली असते. त्या दिवसांत रानच पोसतं. पाऊस लागून राहिला, ऊन नाही, वारा नाही, जंगलातली हवा भिजल्या कांबळ्यासारखी झाली, की पडलेल्या झाडांवर अळंबी फुटते. जमिनीतली वेगळी आणि लाकडावरची वेगळी. लाकडावरची पांढरी असते, सुपाच्या आकाराची, एकीवर एक अशी थरांनी येते. शिजवली की कोंबडीच्या रश्शाची आठवण येते.

आमच्या पाड्यावर रीत अशी, की पडलेल्या झाडावर ज्या घराने पहिल्यांदा अळंबी पाहिली, ते झाड त्या घराचं. ते घर त्या ओंडक्याला पळसाच्या पानांची माळ बांधतं, मग दुसरं कुणी हात लावत नाही. दर वर्षी पहिलं टोपलं मात्र सगळ्या पाड्यात वाटायचं. रूपीबाईच्या भावाला ओढ्याकाठी वादळात पडलेला एक रानआंबा सापडला होता. केवढं झाड! दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असं. भाऊ वारला, पण ओंडका त्याच्या घराला अळंबी देत राहिला. भावाची बायको शांतीबाई, मुलगा रामसिंग. रामसिंग धावायला लागला तेव्हापासून त्या ओंडक्याची अळंबी पाड्याने खाल्ली होती. रूपीबाई स्वतः विधवा होऊन माहेरी परतलेली, वेगळ्या खोपटात राहायची. रामसिंगची ती फुई, म्हणजे आत्या, म्हणून साऱ्या पाड्याची फुई. पाड्यातल्या पोरींना रानात नेऊन हे खा, ते खाऊ नका, हे तीच शिकवायची.

रामसिंगची बायको रमी. ओढ्यापलीकडची, गायकवाडी गावातली. पहिलं लेकरू अजून रांगतही नव्हतं. त्या वर्षी शांतीबाईचे गुडघे धरले, म्हणून ओंडक्यावरची अळंबी आणायला पहिल्यांदाच रमी गेली. तिने आणली, तिनेच रांधली; पाड्याचा वाटा सकाळी द्यायचा म्हणून टोपल्यात ठेवला. शांतीबाईने आणि रामसिंगने खाल्ली. रमीने खाल्ली नाही, कारण मांडीवर लेकरू असलेल्या बाईने लाकडावरची अळंबी खायची नाही, दूध आटतं, अशी आमच्याकडे रीत. जेवण होऊन फार वेळ झाला नाही तोच दोघांना उलट्या सुरू झाल्या. रामसिंग दुसऱ्या दिवशी उठून बसला. शांतीबाई पिळवटून निघाली, डोळे आत गेले, तोंडात पाणी ठरेना. आणि त्याच रात्री पडल्या पडल्या तिने चुलीमागच्या अंधारात हिरवा उजेड पाहिला आणि ओरडली, "डाकीन! मन्हा घरमा डाकीन शे!"

एवढं पाड्याला पुरलं. घरात सगळ्यांनी खाल्लं, सुनेने नाही. ओंडका तर जुना, विश्वासाचा. मग घात केला तो हाताने. रमीला गोठ्यात बसवलं. घरात पाऊल टाकायचं नाही, चुलीला शिवायचं नाही, असं शांतीबाईने सगळ्यांसमोर सांगितलं. पंचांनी तिला माहेरी पोचवायचं ठरवलं.

कुर्डूचं टोपलं घेऊन रूपीबाई सरळ गोठ्यात शिरली. रमी शेळ्यांच्या मधे गोणपाटावर बसली होती, मांडीवर लेकरू.

"फुई, उद्या धाडतीन का माले?"

"रेवजी तसंच म्हनस. तुन्हा बापले निरोप गया."

"नि हाऊ?" रमीने मांडीवरच्या पोराकडे पाहिलं.

रूपीबाई कुर्डूच्या मुळांची माती झाडत राहिली.

"बोल ना, फुई."

"पोऱ्या कुळना शे म्हनतस. आठेच ठेवतीन. शेळीना दूधवर वाढाडतीन."

रमी रडली नाही. पोराला तिने घट्ट धरलं आणि म्हणाली, "शेळीनं दूध रेवजीकाकाले पाजा म्हना. मन्हा पोऱ्या मन्हं दूध पेस."

"आते माले खरं सांग," रूपीबाई जवळ सरकली. "त्या दिन काय व्हयनं?"

"सासूनी सांगं, ओंडकावर अळंबी उनी व्हई, तोडी आन. मी तोडी आनी."

"काही येगळं नही वाटनं?"

"वाटनं. वास येगळा व्हता. आमना गावमा बी अळंबी ऱ्हास, फुई, माले वळखता येस. मी सासूले सांगं, हाई तशी दिसत नही. त्या म्हनन्या, ओंडका आपला शे, तुन्हा बापना नही. तू कोन वळखनारी?"

रूपीबाईचा हात थांबला. "मी बी तेच सांगती," ती म्हणाली. "ह्या बठ्ठी पोरीसले मी तेच शिकाडं. ओंडका वळखा म्हने, अळंबी आपोआप वळखाई. ओंडका दखा, अळंबी कोनी दखी?"

बाहेर पाऊस वाढला. एक शेळी शिंकली.

"नि तो उजेड?" रूपीबाईने हळूच विचारलं.

"मी बी दखा. उरेल अळंबी टोपलामा व्हती, चुल्हामांगे. तठेच उजेड व्हता. काजवाना गत, पन मिचकत नव्हता. सासू बोंबलन्या नि मन्ही वाचा बसनी. दुसरा दिन कोनीतरी टोपलं ओढामा फेकी दिधं." रमीने मान वर केली. "फुई, माले सांग. उजेड जर मन्हामाथून निंघना, तर आठे बी दिसता. ह्या गोठामा रोज अंधार शे. दिसना का कोनले?"

रूपीबाई टोपलं उचलून उठली. मग म्हणाली, "कुर्डू रांधीसन आनस, खाई ले. उद्या ताकद लागी."

सकाळी पाऊस थांबला होता, पण झाडं गळत होती. रेवजी दोन पंचांना घेऊन आला. रमीचं गाठोडं त्याने स्वतःच काखेत घेतलं होतं. सगळा पाडा अंगणात जमला. शांतीबाईला धरून आणून ओसरीवर खाटेवर टेकवलं होतं. रामसिंग दाराला पाठ लावून उभा, खांद्यावर घोंगडी, डोळे जमिनीत.

रमी गोठ्यातून बाहेर आली. लेकरू तिने पाठीला बांधलं होतं, गाठ छातीवर दुहेरी मारलेली.

"पोऱ्याले सोड," रेवजी म्हणाला. "त्याले शांतीबाईकडे दे."

"देस नही."

"रमी!"

"मी निंघनू, काका. पन बापना घर जावाव नही. ओंडकाकडे जास. तुम्ही बठ्ठा चला."

"तठे काय शे?"

"ते दखालेच चला. सासूले उजेड दिसना. तो उजेड मन्हा असई, तर मन्हासंगे फिरी. अळंबीना असई, तर ओंडकावर असई. अंधार करीसन दखा. मन्हा असना तर पोऱ्या तुमना हातमा देसू नि मांगे वळीसन दखाव नही."

पंच एकमेकांकडे पाहू लागले. रेवजी वैतागला. "मन्हा बापनी त्या ओंडकावरनी अळंबी खादी. मी खादी. मन्हा पोरेसनी खादी. ओंडका कधी फसावत नही."

"मंग घाबरतस कसाले?" मागून रूपीबाई म्हणाली. "ओंडका तुले खाई थोडाच जाई?"

पोरी हसल्या. एवढ्या लोकांसमोर घाबरला म्हटल्यावर रेवजीला जाणं भाग होतं.

ओढ्याकडे दोन वाटा उतरतात. एक टेकाडावरून, लांबची, कोरडी. दुसरी पाण्याच्या कडेने, जवळची, पण चिखलाची. रमी पाण्याकडच्या वाटेला वळली.

"हाई वाट कसाले?" रूपीबाईने विचारलं.

"मी त्या दिन हाईच वाटनी उनू. पाठवर लेकरू, टेकाड कोन चढी?"

"शांतीबाई तर कायम टेकाडवरथून येस," रूपीबाई म्हणाली, आणि बोलता बोलता तिची पावलं मंदावली.

ओंडका ओढ्याला आडवा पडलेला होता. त्याचं बुंध्याकडचं टोक खाली पाण्याच्या कडेला, शेंड्याकडचं वर खडकावर टेकलेलं, टेकाडाची वाट उतरते तिथे. आम्ही सगळे तो लहानपणापासून पाहत आलेलो, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. खालच्या टोकाची साल कधीच गळून गेली होती. लाकूड इतकं कुजलं होतं की रूपीबाईने बोट दाबलं तर पेरभर आत गेलं आणि पाणी निथळलं. वरच्या टोकाला साल अजून घट्ट होती, लाकडावर नख उमटत नव्हतं. अळंबी दोन्हीकडे आलेली, पांढरी, सुपाच्या आकाराची, थरावर थर. मधोमध पळसाच्या पानांची सुकलेली माळ.

रमीने खालच्या टोकाची एक तोडली, मग ओंडक्याच्या कडेने वर चढून वरच्या टोकाची एक तोडली. दोन्ही रेवजीसमोर धरल्या.

"काका, कोनती चांगली?"

रेवजीने एक हातात घेतली, उलटीपालटी केली. मग दुसरी. "दोन्ही एकच शेत," तो म्हणाला.

"वास ल्या."

त्याने हुंगलं. "हाई... ओला पिठना गत. नि हाई..." त्याने नाक मुरडलं, पण पुढे बोलला नाही.

"दादा, घोंगडी द्या," रमी नवऱ्याला म्हणाली. दिवसाउजेडी, लोकांत, ती त्याला दादाच म्हणायची. तशी रीत होती.

रामसिंगने खांद्यावरची घोंगडी काढली, दुहेरी केली, आणि तिच्या हातात न देता स्वतःच खालच्या टोकावर पांघरली. कडा लाकडाखाली खोचल्या. मग डोकं आत घातलं आणि आपल्या भोवती घोंगडी आवळून घेतली. तो बराच वेळ तसाच राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"शे," तो म्हणाला. "हिरवा शे. तोच."

मग रूपीबाई आत डोकावली. मग पंच. पोरींनी तर ढकलाढकली करून एकाच वेळी तिघी-तिघींनी डोकी घातली आणि आतून किंचाळल्या. शेवटी रेवजी. तो ओणवा झाला, घोंगडीत कमरेपर्यंत शिरला, आणि बाहेर नुसतं धोतर नि दोन पाय राहिले. तो काही बाहेर येईना.

"काका, झोप लागनी का?" एका पोरीने विचारलं.

"गप वं," आतून आवाज आला. "डोयासले थोडा येळ लागस." आणि मग, बऱ्याच वेळाने, अगदी वेगळ्या आवाजात, "आरे बाप रे."

वरच्या टोकावरही घोंगडी घातली. तिथे अंधार तो अंधारच.

रेवजी ओंडक्यावर टेकला, घोंगडीचं पाणी झाडत राहिला. माणूस वाईट नव्हता. ज्या ओंडक्यावर बापाने विश्वास टाकला, त्याचं अर्धं अंग उलटलंय हे गिळायला त्याला वेळ लागत होता. मग त्याला कारभारीपण आठवलं.

"ठीक शे. उजेड अळंबीना शे. पन ओंडका बिघडना. याले जाळी टाकू."

"वरला टोकनी काय बिघाडं?" रमी म्हणाली. "खालना टोक कुजी गया म्हनीसन बठ्ठा जाळाना? भादवामा पाड्यानी काय खावानं, राख?"

"नि खाई कोन?" रेवजी उठला. आता तो ओरडत नव्हता, खरंच विचारत होता. "तुन्हा हातनं कोन खाई, रमी? उजेड तुन्हा नही, मान्य शे. पन त्या दिन घरमा बठ्ठासनी खादं नि तू नही खादं, हाई तर खरं शे. लोकेसना मनमाथून ते कसं जाई?"

रमीने पाठीवरच्या लेकराची गाठ आवळली.

रमी पुन्हा वर चढली. वरच्या टोकाची अळंबी तिने एकेक करून तोडली. प्रत्येक हुंगली, प्रत्येकीच्या बुडाची साल पाहिली, दोन फेकून दिल्या. पोरी तिच्याभोवती गोळा झाल्या. "ह्या कसाले फेक्या?" एकीने विचारलं. "माले पक्कं वाटनं नही," रमी म्हणाली. "पक्कं वाटनं नही का फेकी देवानं. ओंडका कोनाबी असो." ओटी भरली तशी ती उतरली आणि पाड्याच्या वाटेला लागली.

घरात जायला बंदी होती, म्हणून तिने अंगणातच तीन दगड मांडले. शेजारच्या बाईने गाडगं दिलं, मिरची दिली. ओल्या लाकडांचा धूर डोळ्यांत जात होता, तरी कुणी उठलं नाही. अळंबी शिजली. रमीने लेकरू पाठीवरून सोडून मांडीवर घेतलं, पळसाच्या पानावर अळंबी वाढली, आणि पान स्वतःपुढे ओढलं.

"ए, ए!" रेवजी पुढे झाला. "मांडीवर लेकरू शे! रिवाज शे!"

"रिवाज पाळा, म्हनीसनच मी डाकीन ठरनू, काका," रमी म्हणाली. "रिवाज मोडती तर त्या दिन मी बी ओकती नि तुम्हीच माले पानी पाजता. आते मोडस. अडावा."

कुणी अडवलं नाही. तिने पहिला घास घेतला. सावकाश चावला. पान संपवलं. मग पदर घेऊन लेकराला पाजायला लागली आणि तशीच बसून राहिली.

आम्ही सगळे वाट पाहत बसलो. मुलांना घरी जा म्हटलं तर गेली नाहीत. गाडगं निखाऱ्यावर होतं. धुराचा वास होता, ओल्या मातीचा होता, आणि त्यावर अळंबीचा, जो उपाशी पोटात फार आत जातो. दिवस कलला. गुरं घंटा वाजवत रानातून परत आली, माणसांच्या गर्दीला बुजून गोठ्याकडे गेली. रमी बसलेली ती बसलेलीच. लेकरू पोटभर पिऊन झोपलं होतं.

आधी रामसिंग उठला. पान घेऊन रमीसमोर बसला. तिने वाढलं, त्याने खाल्लं. मग रूपीबाई. मग, घसा खाकरत, रेवजी. त्याने दोनदा मागून घेतलं.

ओसरीवरून शांतीबाई हे सगळं पाहत होती. एकाएकी ती म्हणाली, "माले बी दे."

ज्या पोटाने मरण पाहिलं होतं, ते पोट पुन्हा तेच मागत होतं. रमीने लेकरू रूपीबाईकडे दिलं, पान भरलं आणि ओसरीच्या कडेवर ठेवलं. ओसरीवर तिने पाय ठेवला नाही. शांतीबाईने वाकून पान उचललं, दोन बोटांनी घास घेतला, तोंडात फिरवला, गिळला.

"मीठ कमी शे," ती म्हणाली.

रमी खाली उभी होती.

"आयकं का? मीठ कमी शे. घरमाथून आन."

रमी जागची हलली नाही. सगळ्या पाड्याच्या देखत तिला त्या घरातून काढलं होतं, आणि पाडा अजून बसलेला होता.

"कोना घरमाथून?" तिने विचारलं, मागच्या माणसालाही ऐकू जाईल असं.

शांतीबाईने पान मांडीवर ठेवलं. रेवजीकडे पाहिलं, पंचांकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"तुन्हा घरमाथून," ती म्हणाली. "आनखी कोना?"

मग रमी ओसरी चढली.